दुर्बिणीचं खोगीर

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरात मिक्सरचं भांडं उलटं करून त्याचं बुश काढत बसलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. फोन शैलाचा, म्हणजे विनूच्या बायकोचा. "भाऊजी, हे उठतच नाहीयेत हो..." एवढंच ती म्हणाली, आणि मग शेजारणीने फोन हातात घेऊन बाकीचं सांगितलं. झोपेतच गेला. एकसष्ट वय. माझी बायको सुधा आत पोळ्या लाटत होती. तिचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. तिला कसं सांगायचं, हा विचार माझ्या मनात आधी यायला हवा होता. कुठल्याही धड माणसाच्या मनात तोच आला असता. माझ्या मनात आलं ते असं, की चला, आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. त्या विचारामागोमाग सुटकेचा एक श्वासही आला. तो मी सोडला, हात पुसले आणि मग सुधाला हाक मारली. गेलेल्या माणसावरच्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. पण हा लेख मी हौसेने लिहीत नाही. मला तो लिहायला सांगितलं आहे, आणि कुणी सांगितलं ते पुढे येईलच.

विनू म्हणजे विनायक. नौपाड्यात वाढला, तिथून चालत जाता येईल अशा विम्याच्या कचेरीत चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याला नाद एकच, एअर रायफलचा. आणि एवढा नाद असून नेम म्हणून नव्हता. मेलेल्या माणसाची उगाच बदनामी करत नाही. त्याने छर्रे मारलेले कागद मी स्वतः पाहिले आहेत. दहाच्या दहा छर्रे कागदावर कुठे ना कुठे असायचे, पण एकमेकांना ओळख दाखवायचे नाहीत. असा हा माणूस इतरांना मार्गदर्शन करायचा! क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी त्याचं एक टिपण पडायचं. "माउंट निवडताना – भाग सतरा." "उंच कडी की बुटकी कडी?" "एकसंध खोगीर का घ्यावं?" मी त्या ग्रुपवर नव्हतो, पण मुक्ता, माझी मुलगी, होती. तिच्या फोनवर मी ही टिपणं मुद्दाम वाचायचो आणि सुधाला मोठ्याने वाचून दाखवायचो. सुधा हसायची नाही. मी मात्र पोट धरून हसायचो, कारण ज्याने आयुष्यात हातात कानस धरली नाही तो धातूच्या वस्तूबद्दल बोलतो आहे, याहून मोठा विनोद माझ्या लेखी नव्हता.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलीवर दुर्बीण नुसती ठेवून भागत नाही. तिला धरायला खाली धातूचं खोगीर लागतं, त्याला वर दोन कड्या, आणि कड्यांच्या मधून दुर्बिणीची नळी जाते. या सगळ्याला म्हणायचं माउंट. दुर्बीण कितीही भारी असू द्या, खोगीर केसभर हललं तर समोरचा छर्रा बोटभर हलतो. आता क्लबातल्या हौशी मंडळींची तऱ्हा बघा. दुर्बीण आणायला परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना साकडं घालतील, तिची काच मलमलीने पुसतील, लेकराला धरावं तशी ती मांडीवर धरतील, आणि खाली खोगीर लावतील ते बंदुकीबरोबर फुकट आलेलं. नवरदेवाला जरीचा फेटा बांधायचा आणि बसवायचं गाढवावर, त्यातला प्रकार. या मूर्खांच्या गर्दीत खोगिराचं महत्त्व कळलेला एकटा विनू होता. आज हे लिहिताना माझी लेखणी अडखळते आहे, पण आहे ते असं आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी चौतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. टूलरूम म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि डाय जिथे घडतात ती खोली. तिथे दोन गोष्टींवरून माणसाची जात ठरायची. एक म्हणजे फिनिश. घडवलेल्या तुकड्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. दुसरी म्हणजे पॅकिंग. माप चुकलं की काही लोक खाली कागदाची किंवा पत्र्याची पट्टी सरकवून ते जुळवून घेतात, त्याला पॅकिंग म्हणायचं. आमच्यात पॅकिंग लावणारा पकडला गेला की त्याच्या टेबलावर कुणीतरी लिमलेटच्या गोळीचा कागद ठेवून जायचं. बोलायचं काही नाही, नुसता कागद. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर तो कागद कधी आला नाही. मग एके दिवशी मालकांच्या मुलाने टूलरूमच बंद केली, कामं बाहेरच्या कॉम्प्युटरच्या मशीनवर दिली, आणि आम्हा सहा जणांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. शाल टोचणारी होती. ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्यानंतर मी घरी बसून मिक्सर, कुकर आणि सोसायटीच्या गेटची कडी दुरुस्त करायचो आणि सगळ्या जगाचा तिरस्कार करायचो. त्या जगात विनूचा नंबर बराच वरचा होता.

मुक्ताला रायफलीचा नाद लावला तो विनूनेच. एमआयडीसीत एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची लांबलचक शेड आहे, तिथे हा क्लब भरतो. बंदूक टेबलावर टेकवायची, दुर्बिणीतून बघायचं आणि पंचवीस मीटरवरच्या वर्तुळात छर्रा मारायचा. मामा तिला शाळेपासून तिथे न्यायचा. त्याला जे कधी जमलं नाही ते तिला पहिल्या वर्षातच जमलं, आणि त्या दोघांचं असं काही गूळपीठ झालं की घरी आली तरी "मामा असं म्हणाला" आणि "मामा तसं म्हणाला". बाप समोर बसलेला असायचा! पुढे ती कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली, तरी रविवारची सकाळ क्लबची आणि मामाची. सहा वर्षांपूर्वी तिला राज्याच्या संघाच्या निवडीसाठी बोलावणं आलं. तिची रायफल स्प्रिंगची, जुन्या पद्धतीची. त्या गटाची ही शेवटची निवड होती. पुढच्या वर्षापासून नुसत्या हवेच्या टाकीच्या महागड्या रायफली धरणार होते आणि तसली रायफल आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणजे संधी एकदाच होती. हे तिला माहीत होतं, मामाला माहीत होतं आणि मलाही चांगलं माहीत होतं.

विनूने तिला स्वतःची दुर्बीण दिली, त्याच्याकडची सगळ्यात चांगली. आणि एका संध्याकाळी तो तीन माउंट घेऊन आमच्या घरी आला. जेवणाच्या टेबलावर त्याने ती वर्तमानपत्रावर मांडली आणि प्रवचन सुरू केलं. हे दोन सुट्या कड्यांचं, यात कड्या एका रेषेत नसल्या तर नळी पिळवटते. हे फार उंच, गाल टेकत नाही. "मुक्ते, हे बघ, हे एकसंध. खाली एक खिळा आहे बघ, तो रायफलीच्या भोकात बसतो, मग अख्खं माउंट मागे सरकत नाही. आपण हे लावू." मुक्ता मान डोलवत होती. मी ते एकसंध खोगीर उचललं, चष्मा कपाळावर नेला आणि खिडकीपाशी जाऊन बघितलं. कडांवर बुरी, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कूस, तशीच होती. मिलिंगचे चरे नखाला लागत होते. "याला काम म्हणतात?" मी म्हटलं. "भाजीवाल्याचं वजन याच्यापेक्षा बरं असतं. विनू, तू आपला कॅटलॉग वाच. हिचं माउंट मी करतो." विनू एकदम उजळला. खरंच उजळला, मला आठवतंय. "भाऊजी, तुम्ही केलंत तर प्रश्नच मिटला," म्हणाला. त्याच्या त्या आनंदाचाही मला राग आला.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या एका जुन्या सोबत्याचं वर्कशॉप आहे. तिथे मी आठ दिवस जात होतो. चांगल्या ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला, एकाच ठोकळ्यातून खोगीर आणि दोन्ही कड्या काढल्या. वर्षभरानंतर हाताला काम मिळालं होतं. मी घरी शिट्टी वाजवत यायचो आणि सुधा माझ्याकडे टकामका बघायची. कड्या आतून घासल्या, मग पॉलिश पेपर, मग पेस्ट, मग बफ. शेवटी आत असा आरसा झाला की त्यात वर टांगलेल्या दिव्याची तार दिसत होती. सोबती म्हणाला, "आयला, दागिना केलास की रे." त्या दिवशी मी विनूला मुद्दाम तिथे बोलावलं, दाखवायला. मुक्ता लॅबमध्ये होती. म्हणजे तिथे जे बोलणं झालं ते तिने ऐकलं नाही.

विनूने माउंट हातात घेतलं. फिरवून फिरवून बघत राहिला. मग कडीत बोट घालून म्हणाला, "भाऊजी, फार देखणं झालंय... पण आतून एवढं गुळगुळीत नको होतं." मी म्हटलं, "काय?" तो चाचरत सांगू लागला. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे असे दोन झटके देते. त्यात गुळगुळीत कडीतून दुर्बिणीची नळी हळूहळू सरकते. पहिल्या पन्नास-साठ छर्ऱ्यांत कळत नाही, मग कळतं. "आत कापडी टेपचा एक पट्टा लावू. बारीकसा. दिसणार पण नाही." टेप! माझ्या कामात! मी चौतीस वर्षं ज्याच्यापासून पळत होतो ते पॅकिंग हा विम्याचा कारकून मला लावायला सांगत होता. मी म्हटलं, "विनू, टेप कोण लावतं माहितीये? ज्याचं माप चुकतं तो. माझं माप चुकलेलं नाही. मायक्रोमीटर आणू का?" सोबती हसला. मग मीही हसलो. "तुझा नेम बघितलाय मी. तू मला धातू शिकवू नकोस." विनूही हसला, त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मग त्याने खिशातून पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली काढली. शैलाची असणार. "निदान एवढं करू द्या," म्हणाला, आणि मापासाठी तिथे आणलेली दुर्बीण मी कड्यांत आवळल्यावर, जिथे नळी कडीतून बाहेर येते तिथे नळीवर आणि कडीवर मिळून एक आडवी रेघ मारली. नळी सरकली तर रेघ तुटलेली दिसेल, म्हणजे मुक्ताला वेळीच कळेल. वाकडीच रेघ मारली.

घरी येऊन मी माउंटसकट दुर्बीण रायफलीवर चढवली. सगळं चकचकत होतं, आणि मध्येच ती वाकडी पांढरी रेघ, भिंतीवर पोराने खडू ओढावा तशी. माझ्या डोळ्याला ती सहन होईना. सुधाकडून रिमूव्हर मागितलं, कापसाच्या बोळ्याने रेघ पुसली, वर मऊ कापड फिरवलं. दोन मिनिटांचं काम. मुक्ता घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, काय मस्त झालंय!" आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. तिने असे हात टाकल्याला त्या वेळी किती वर्षं झाली होती ते मला सांगता येणार नाही.

निवडीच्या दिवशी सराव चांगला झाला, पहिले दोन कागदही चांगले गेले. तिसऱ्या कागदापासून छर्रे वर्तुळाच्या खाली उतरायला लागले. मुक्ताने दुर्बिणीची चकती फिरवून दुरुस्ती केली, तीन छर्रे बरे गेले, पुन्हा उतरले. तिने पुन्हा फिरवली. मी मागे खुर्चीवर बसलो होतो आणि मला तिथूनसुद्धा दिसत होतं, नळी अंगठ्याच्या नखाएवढी पुढे आलेली होती. दुर्बिणीतून बघणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला फक्त समोरचं वर्तुळ दिसतं. रेघ असती तर छर्रा भरताना तिच्या नजरेला पडली असती. विनू माझ्या शेजारी बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग रायफलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. रेघ नाही हे त्याच्या लक्षात आलं ते मला कळलं. स्पर्धेत मागून कुणी बोलायचं नसतं.

मुक्ता शेवटून दुसरी आली. निवड करणारे गृहस्थ टेबलापाशी आले, दुर्बिणीला हात लावला तर ती कडीत चक्क फिरली. "हे माउंट कोणी निवडलं?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. शेडमध्ये पंचवीस-तीस माणसं असतील. मी चष्मा काढून पुसायला लागलो. आणि मग शेजारून विनूचा आवाज आला. "मी. माउंट मी निवडलं. आतून गुळगुळीतच हवं असा हट्ट माझा होता. भाऊजींनी मी सांगितलं तसं करून दिलं." लोक हसले. हसायची सवयच होती त्यांना. "सत्तावीस भाग लिहिले की हो माउंटवर!" कुणीतरी म्हणालं. मुक्ता हसली नाही. ती मामाकडे बघत म्हणाली, "मामा, तुझी ती पुस्तकी अक्कल तुझ्यापाशीच ठेवायचीस ना रे. माझं एकच वर्ष होतं." मग तिने रायफल पेटीत ठेवली आणि बाहेर गेली.

गेटपाशी मी विनूला गाठलं. "हे काय बोललास तू?" तो म्हणाला, "राहू द्या हो भाऊजी. मला काय, मला सगळे हसतातच. तुमचं तसं नाही." म्हणजे त्याला माझी दया आली होती! टूलरूम गेलेला, घरी बसलेला माणूस. याच्याकडे आता हात सोडून काही उरलेलं नाही, ते तरी राहू दे, असा हिशेब त्याने शेडमध्ये बसल्या बसल्या केला होता. मला त्याचे पाय धरायला हवे होते. मला आला तो संताप. ज्याला मी कधी हिशेबात धरलं नाही त्याने मला भीक घालावी, आणि मी ती घ्यावी! आणि मी ती घेतली. ते माउंट अजून माझ्या कपाटात मलमलीत गुंडाळलेलं आहे. फिनिश तसंच आहे.

त्यानंतर मुक्ताने रायफल सोडली आणि मामाही सोडला. फोन नाही, रक्षाबंधनाला तो सुधाकडे आला की ही खोलीत. मी रोज ठरवायचो की उद्या सांगू. आठवडा गेल्यावर सांगणं अवघड झालं, महिना गेल्यावर आणखी अवघड, आणि वर्षाने तर वाटायला लागलं की आता सांगून काय उपयोग, उलट तिलाच त्रास. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो, तिथे मात्र फिनिश अगदी आरशासारखं असतं. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं. आपल्याकडे मुलीला मांडवात मामाने आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. सख्खा मामा नौपाड्यात धडधाकट बसलेला, आणि मुक्ता म्हणाली, "विनूमामा नको." सुधा रडली. "तुम्ही तरी तिला सांगा काहीतरी. माझा एकच भाऊ आहे हो." मी म्हटलं, "तिचं लग्न आहे, तिचा निर्णय." सुधाच्या चुलतभावाने मुक्ताला मांडवात आणलं. विनू शैलाबरोबर तिसऱ्या रांगेत बसला होता, नवा झब्बा घालून, हातात अक्षता घेऊन. प्रत्येक मंगलाष्टकाला तो अक्षता टाकत होता आणि त्या पुढच्या रांगेतल्या लोकांच्या डोक्यावर पडत होत्या. तेव्हाही माझ्या मनात आलं, याला नेम नाही तो नाहीच. हे मनात आलं आणि मी ते दाबलंही नाही.

आणि आता शोकसभेचं सांगतो. क्लबच्या त्याच शेडमध्ये, त्याच खुर्च्यांवर. मेलेल्या म्हशीला मणभर दूध कसं येतं ते बघायचं असेल तर अशा सभेला जावं. ज्याने सत्तावीस भागांवरून टिंगल केली होती तोच गृहस्थ माईकसमोर गहिवरला. "विनायकराव म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ!" दुसऱ्याने विनूच्या नावाने चषक जाहीर केला. तिसऱ्याने सांगितलं की विनायकरावांनी एका माउंटच्या बाबतीत चूक केली होती, पण ती मोठ्या मनाने सर्वांसमोर मान्य केली, यातच त्यांचं मोठेपण. टाळ्या पडल्या. मला वाटलं उठावं आणि या सगळ्यांना जोड्याने मारावं. मग लक्षात आलं की पहिला जोडा कुणाला बसायला हवा. "मेहुणे म्हणून दोन शब्द बोला," असं ते म्हणाले, तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं.

महिनाभराने एका शनिवारी मी कल्याणला मुक्ताकडे गेलो होतो. अंत्ययात्रेच्या दिवशी ती दारापाशीच उभी राहून परतली होती, त्यानंतर मामाचा विषय तिने काढला नव्हता. चहा ठेवता ठेवता पाठमोरी म्हणाली, "बाबा, एक विचारू? मी मामाशी जरा जास्तच कडक वागले का? म्हणजे... चूक त्याचीच होती ना?" हो म्हटलं असतं तर ती कायमची शांत झाली असती. ते 'हो' माझ्या ओठापर्यंत आलंही. पण तिचा आवाज कापत होता आणि तो आवाज मला झेपला नाही. मी सगळं सांगितलं. आरसा, टेप, सोबत्याचं हसणं, पांढरी रेघ. तिने गॅस बंद केला. ओट्याला हात टेकले. मग म्हणाली, "पुसलीत? रेघ पुसलीत तुम्ही?"

"हो."

"का?"

"वाईट दिसत होती."

"मी त्याला मांडवात..." एवढं म्हणून ती थांबली. पुढे रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या जा आणि मामींना सांगा. एकटे जा. मी येणार नाही. आणि त्याने सगळ्यांसमोर अंगावर घेतलं होतं ना? मग तुम्हीही सगळ्यांसमोर सांगा. पेपरात लिहा. तुम्हाला भाषा बरी येते, सगळ्यांची टिंगल करता तेव्हा चांगली चालते." चहा तसाच राहिला. जिन्यापर्यंत ती दर वेळी सोडायला येते, त्या दिवशी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नौपाड्याला गेलो. बाहेरच्या खोलीत विनूचं टेबल तसंच होतं. औषधांच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेली माउंट, प्रत्येक डबीवर त्याच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी. हे कुठल्या रायफलीला चांगलं, ते कुठे दगा देतं. मी एकेक वाचली. बत्तीस डब्या होत्या आणि एकाही चिठ्ठीत मला चूक काढता आली नाही. शैलाने पाणी आणून दिलं. मी तिला उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मुक्ताला सांगितलं होतं त्याच क्रमाने. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही मला हाकलून देईल. शैला समोरच्या खुर्चीवर बसली आणि पदराने टेबलाची कड पुसायला लागली.

"मला माहीत आहे भाऊजी. त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी."

"मग मुक्ताला का नाही..."

"मी म्हटलं ना त्यांना. पोरगी तोडून टाकेल तुम्हाला, सांगा खरं काय ते. तर म्हणाले, मी सांगितलं तर चहाडी होईल. भाऊजी स्वतः सांगतील. टूलरूमचा माणूस आहे, चुकीचं माप तो हातातून बाहेर जाऊ देणार नाही. येत्या रविवारी येतील बघ." ती टेबलाची दुसरी कड पुसायला लागली. "मग रविवारी अकरापर्यंत घरीच थांबायचे. क्लबची मंडळी दहाला जमायची, यांना उशीर व्हायचा. मी म्हणायची, निघा की. तर म्हणायचे, भाऊजी आले आणि मी नसलो तर त्यांना अवघड होईल, पुन्हा यायचे नाहीत."

"किती दिवस थांबला असा?" मी विचारलं.

"किती दिवस काय..." शैला म्हणाली. "ते गेले तो सोमवार होता."

ती आत गेली. मी अकरा वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो.